दहा लाख गुणांचा फोन

शेन्झेनच्या लाँगहुआ भागात फोन बनवणारी एक कंपनी होती. तिच्या पाचव्या मजल्यावर चाचणीची खोली होती आणि त्या खोलीत कुंग पेइलानचा शब्द चालायचा. हुद्दा काही मोठा नव्हता. तंत्रशाळेत दोन वर्षं काढून एकोणिसाव्या वर्षी ती हूनानमधल्या योंगशिंगहून आली आणि पहिली सहा वर्षं फोनच्या पाठीत स्क्रू पिळत बसली. पण हाताला शिस्त होती आणि डोळ्यात संशय, म्हणून कुणीतरी तिला वर चाचणीला पाठवलं. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती. सगळे तिला लानताई म्हणत. तोंडावर आदराने, पाठीमागे वैतागाने, कारण कुठलीही गोष्ट तीनदा करून पाहिल्याशिवाय ही बाई मान्य करत नसे.

एकदा तिने बॅटऱ्यांचा अख्खा माल अडवला होता. शंभरातल्या दोन फुगतात म्हणाली. पुरवठादार येऊन गोड बोलून गेला, साहेब डोळे वटारून गेले, ही आपली गरम पाण्याचा थर्मास जवळ घेऊन ढिम्म. शेवटी माल परत गेला. तेव्हापासून कागदाच्या तळाशी ‘चाचणी करणार: कुंग पेइलान’ असं दिसलं की वरचे लोक मजकूर न वाचता सही ठोकत. नवऱ्याकडे, बस चालवणाऱ्या शेंगहुआकडे, ती कधी कशाची फुशारकी मारत नसे. ह्या एका गोष्टीची मात्र मारायची.

त्या वर्षी कंपनीने ‘यान-सात’ नावाचा फोन काढला. यान म्हणजे चिनीत पाकोळी पक्षी. फोन किती वेगवान आहे हे मोजायची अ‍ॅपं असतात. ती फोनकडून भराभर गणितं करून घेतात, चित्रं रंगवून घेतात आणि शेवटी गुण देतात. लोक ते गुण बघूनच फोन घेतात, जसं स्थळ बघताना पगार आधी विचारतात तसं. यान-सातला पडले दहा लाख चार हजार. लानताईने तीन फोनांवर तीन-तीनदा बघितलं, आकडा हलला नाही. तिने सही केली. महिन्याभराने मोठ्या सभागृहात पडद्यावर तो आकडा माणसाच्या दुप्पट उंचीचा झळकला, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि कँटीनमध्ये तो सोहळा बघत भात खाणाऱ्या लानताईला भरून आलं.

तिची थोरली बहीण पेइफांग गावाकडे संत्र्यांची बाग सांभाळायची. खडीसाखर संत्री म्हणतात त्यांना, साल पातळ आणि रस नुसता साखरेचा. अलीकडे ती फोनसमोर बसून थेट प्रक्षेपणात संत्री विकायची. सोलून दाखवायची, चाखायची, गप्पा मारायची, लोक घरबसल्या पेट्या मागवायचे. जुना फोन मरायला टेकला तेव्हा लानताईनेच सांगितलं, “अक्का, यान-सात घे. डोळे मिटून घे. मी स्वतः तपासलाय.”

तीन आठवड्यांत अक्काचा फोन आला.

“लान, हा फोन आहे का तवा गं? अर्धा तास बोललं की हातात धरवत नाही. वर चित्र अडकतं. मी इकडे संत्रं खातेय आणि लोकांना दिसतंय काय, तर माझा वासलेला जबडा! एकजण विचारतो, मावशी, संत्रं आंबट निघालं का?”

“चाचणीचं अ‍ॅप टाक. किती गुण पडतात ते सांग.”

पडले दहा लाख दोन हजार. तापल्या फोनवर.

“फोन ठणठणीत आहे अक्का. तूच उन्हात ठेवत असशील.”

“ऊन? इथे बोटं गारठल्येत माझी!”

“मग पन्नास अ‍ॅपं उघडी टाकत असशील. ते गुलाबी कव्हर काढ आधी. वापरायची एक पद्धत असते.”

“बरं बाई,” अक्का म्हणाली, “तू शिकलेली. माझंच चुकत असेल.”

पुढे जे झालं ते निव्वळ अपघाताने. चाचणीच्या अ‍ॅपची नवी आवृत्ती आली होती आणि जुनी-नवी दोन्ही एकाच फोनवर ठेवून ताडायची होती. एकाच नावाची दोन अ‍ॅपं फोनवर राहत नाहीत, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या मंडळींनी एका प्रतीचं आतलं नाव बदलून पाठवलं. तिच्यावरच्या चित्रालाही हात लावला नव्हता. लानताईने ती प्रत चालवली. सात लाख बारा हजार.

फोन खराब असेल म्हणून तिने दुसरा घेतला. सात लाख दहा हजार. तिसरा घेतला, गार होऊ दिला, पुन्हा चालवला. सात लाख तेरा हजार. मग मूळ नावाचं अ‍ॅप चालवलं आणि पुन्हा दिमाखात दहा लाख चार हजार! आतली गणितं तीच, चित्रं तीच, मिनिटंही तेवढीच. बदललं होतं फक्त नाव.

दुपारची वेळ होती. जेवणं झाली होती, दिवे मालवले होते आणि सगळा तिसरा मजला टेबलांच्या मधल्या घडीच्या खाटांवर पांघरुणं ओढून पडला होता. लानताई त्या घोरणाऱ्या अंधारातून वाट काढत फंग ग्वोलियांगच्या खाटेशी गेली. फोनच्या आतले प्रोग्राम लिहिणाऱ्यांतला हा सगळ्यात जुना माणूस, तिच्याबरोबर अकरा वर्षं होता.

“फंगदादा, उठा.”

“लानताई, दुपारची झोप मोडणाऱ्याला नरकात वेगळी जागा असते.”

“आपला फोन अ‍ॅपचं नाव वाचतो का?”

फंग उठून बसला. चष्मा शोधायला त्याला जरुरीपेक्षा जास्त वेळ लागला. मग त्याने संगणक उघडला आणि एक लहानशी यादी दाखवली. चौदा नावं होती. सगळी चाचणीच्या अ‍ॅपांची. यादीचं नाव होतं ‘पाहुणे’.

“ह्यातलं कुणी दारात आलं,” तो हळू आवाजात म्हणाला, “की लगाम सोडायचे. एरवी फोन तापला की आपण त्याला आवरतो ना, तसं आवरायचं नाही. तापू दे, बॅटरी पिऊ दे, पाच-दहा मिनिटांचा प्रश्न असतो. पाहुणे गेले की लगाम पुन्हा आवळायचे.”

“आणि गिऱ्हाईक?”

“गिऱ्हाईक पाहुणा थोडाच आहे, ताई? गिऱ्हाईक घरचं.”

“हे लिहिलं कुणी?”

फंगने चष्मा काढून पुसला. “मी,” तो म्हणाला. “लिही म्हणाले, लिहिलं.”

लानताई जिना चढून वर गेली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रागाचा पहिला भाग कंपनीवर होता हे खरं, पण त्याखाली दुसरा होता, जास्त जळजळीत. सख्ख्या बहिणीला तिने फोनवर झापलं होतं. कव्हर काढ म्हणाली होती.

विभागाचे संचालक हौ साहेब. माणूस हसतमुख, कुणाचा वाढदिवस न विसरणारा. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, तिला स्वतः चहा ओतून दिला आणि म्हणाले, “लानताई, पाहुणे यायचे असले की तू घर आवरतेस की नाही? त्यात खोटं काय?”

“घर आवरणं वेगळं साहेब. आपण शेजाऱ्याचं घर दाखवतोय.”

“परीक्षेच्या दिवशी पोरगं जीव तोडून लिहितंच ना?”

“परीक्षेला हुशार पोरगं बसवायचं आणि कामावर ढ पाठवायचं, असं आहे हे. विकत घेणाऱ्याला तो दहा लाखांचा फोन एक मिनिटही मिळत नाही. मग तो आहे कुणासाठी?”

हौ साहेबांचं हसू किंचित ओसरलं. “हे बघ. सगळे करतात. आपण सोडलं तर गुणांच्या यादीत उद्या अकरावे. अकराव्या नंबरचा फोन तू घेशील? ह्या इमारतीतल्या तीनशे माणसांच्या ताटातला भात त्या आकड्यावर शिजतो. तुझाही.”

तीनशे माणसं खरी होती, त्यांतल्या कित्येकांना तिने शिकवलं होतं. पण दुसरा प्रश्न तिच्याकडे होता.

“मग कागदाखाली माझं नाव कशाला?”

“कारण चाचणी तू केलीस. आकडा खोटा आहे का? तू डोळ्यांनी पाहिलास. तीनदा पाहिलास.”

आणि हेच तिला सगळ्यात लागलं. आकडा खोटा असता तर एक वेळ परवडलं असतं. खोटं पकडता येतं. इथे तिचा खरेपणाच ह्यांनी मुलाम्याला वापरला होता. बाई तीनदा बघते, बाईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, मग बाईलाच पुढे बसवा आणि तिच्या डोळ्यांत धूळ फेका.

महिन्याभरात यान-सातची मोठी आवृत्ती तपासायला आली. लानताईने कागदावर दोन आकडे लिहिले. एक मूळ नावाच्या अ‍ॅपचा, खाली दुसरा, नाव बदललेल्या अ‍ॅपचा, आणि दोन्हींसमोर फोनचं तापमान. कागद परत आला. दुसऱ्या ओळीवर काट मारलेली. तिने पुन्हा दोन्ही ओळी लिहिल्या. पुन्हा काट. तिसऱ्या खेपेला तिने एकही ओळ लिहिली नाही आणि सहीची जागा कोरी ठेवली. त्याच आठवड्यात तिची बदली झाली. पाचव्या मजल्यावरून तळघरात, परत आलेल्या फोनांच्या खोलीत.

तिथे कुणी ओरडत नव्हतं, उलट तिला पुसून एक खुर्ची दिली. काम सोपं होतं. रागावलेल्या लोकांनी परत पाठवलेले फोन उघडायचे, तपासायचे, उत्तर जोडायचं. कुणी टॅक्सीवाला लिहायचा की उड्डाणपुलावर नकाशा गोठला आणि उतारू भलत्याच टोकाला पोचला. कुणी मुलगी लिहायची की परीक्षेचा तास फोनवर होता, अर्ध्यातच पडदा मंद झाला. एका म्हाताऱ्याने तर फोनबरोबर भाजलेल्या तळहाताचा फोटो पाठवला होता. तपासणी कशी करायची? तर चाचणीचं अ‍ॅप लावायचं. अ‍ॅप म्हणायचं दहा लाख. मग छापील उत्तर: ‘उपकरणात दोष आढळला नाही. कृपया आपली वापरण्याची पद्धत तपासावी.’

पहिल्या दिवशी ते उत्तर लानताईने तीनदा वाचलं. तिच्याच तोंडचं वाक्य होतं ते. कुणी शिकवलं नसताना ती आपल्या बहिणीला हेच बोलली होती. म्हणजे खोटं फक्त पडद्यावर नव्हतं. फसलेल्या माणसाला ते वर सांगत होतं की बाबा, तूच मूर्ख आहेस. आणि हजारो माणसं मुकाट्याने फोनची कव्हरं काढत बसली असणार.

तिने रजा टाकली आणि गावाकडची गाडी पकडली.

अक्का बागेत होती, डोक्याला रुमाल, पायात चिखलाचे बूट. लानताईने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

“अक्का, तुझं काही चुकत नव्हतं. फोनच लबाड आहे.”

सगळं ऐकल्यावर अक्काने आधी फिदीफिदी हसून घेतलं, मग हातातली कात्री पाटीत आपटली. “म्हणजे मी येडी नव्हते! दोन महिने, लान, दोन महिने त्या मेल्या फोनखाली ओला फडका धरून बसतेय मी. लोकांना सांगतेय, माफ करा हं, मला म्हातारीला वापरता येत नाही. चोर ते आणि माफी मी मागू?”

“मी मागते ना.”

“तुझी नकोय मला. आज संध्याकाळी बस माझ्या शेजारी, आणि काय ते सगळ्यांना करून दाखव.”

नोकरीत शिरताना तिने गुप्ततेच्या कागदावर सही केली होती. पण तिने नीट विचार केला. फोन अक्काच्या पैशांचा. चाचणीचं अ‍ॅप कुणालाही फुकट मिळणारं. त्याचं नाव बदलायला लागणारं साधन कुठल्याही संगणकावर. कंपनीच्या यादीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, फंगचं नाव घ्यायचं नाही. जे कुणीही घरी करून बघू शकेल तेवढंच दाखवायचं. त्यात गुपित कसलं?

संध्याकाळी संत्र्यांच्या पेट्यांमध्ये दोघी बसल्या. समोर अक्काच्या शेजारणीचा फोन प्रक्षेपणाला, हातात यान-सात. बघणारे होते तीनशे चाळीस, आणि सगळे संत्र्यांसाठी आलेले.

“ही माझी धाकटी,” अक्का म्हणाली. “फोन तपासते. आज ती तुम्हाला एक गंमत दाखवणार आहे.”

‘संत्री कधी?’ असं कुणीतरी लिहिलं.

लानताई सुरुवातीला अडखळली. पण एकदा हातात फोन आला की तिला बाकी जग दिसत नसे. तिने मूळ अ‍ॅप चालवलं: दहा लाख एक हजार. फोन पेटीवर ठेवून गार होऊ दिला. तेवढ्यात अक्काने दोन पेट्या विकल्या. मग नाव बदललेलं अ‍ॅप, ज्याला अक्काने हौसेने ‘संत्र्याची साल’ असं नाव दिलं होतं. सात लाख नऊ हजार.

‘हातचलाखी’ असं कुणी लिहिलं. ‘पुन्हा करा,’ दुसऱ्याने.

“करणारच आहे,” लानताई म्हणाली. “तीनदा करणार आहे. कुणाला घाई असेल त्याने संत्री घ्यावीत.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो तुकडा लाखो लोकांनी बघितला. ज्यांच्याकडे यान-सात होता त्यांनी घरी करून बघितलं. मग लोक दुसऱ्या कंपन्यांच्या फोनांवर करू लागले, आणि तिथेही काही ठिकाणी तोच प्रकार निघाला. हौ साहेब तेवढं तरी खरं बोलले होते. चाचणीचं अ‍ॅप बनवणाऱ्यांनी यान-सातला आपल्या यादीतून तीन महिन्यांसाठी काढलं. कंपनीने निवेदन दिलं की हा दोष नसून ‘हुशार ओळख’ नावाची सोय आहे, फोन जड काम ओळखून आपोआप बळ लावतो. जड काम! थेट प्रक्षेपण करणाऱ्या बाईचं काम हलकं होतं वाटतं? आणि कंपनीच्या भक्तांची एक झुंड अक्काच्या दुकानावर तुटून पडली. ज्यांनी जन्मात तिचं एक संत्रं चाखलं नव्हतं ते लिहून गेले, ‘आंबट’, ‘किडकी’, ‘फसवणूक’. अक्काने प्रत्येकाला एकच उत्तर दिलं: ‘पेटी कधी मागवलीत? पावती दाखवा.’ त्या हंगामात तिचा माल पंधरा दिवस पडून राहिला, मग हळूहळू उचलला गेला.

लानताई कामावर परतली तेव्हा तिचं दाराचं कार्ड चालेना. मनुष्यबळ विभागातल्या रन मॅडमनी तिला आत नेलं आणि एक कागद पुढे सरकवला. राजीनामा. ‘वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने.’

“एवढी एक सही करा, लानताई. कुणालाच त्रास नको. दाखलाही चांगला देऊ.”

“माझं वैयक्तिक कारण काय?”

“काहीही. घरचं. तब्येत.”

“माझी तब्येत उत्तम आहे.” लानताईने पेन घेतलं, ‘स्वखुशीने’ शब्दावर काट मारली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘अर्धवट चाचणीवर सही करायला सांगितलं, मी केली नाही. म्हणून मला काढत आहेत.’ खाली नाव, तारीख.

“असं नाही लिहिता येत हो!” रन मॅडम कळवळल्या.

“का? खोटं आहे?”

“खोटं नाहीये, पण...”

“बावीस वर्षं इथे जे बघितलं ते लिहिलं. आज शेवटच्या दिवशी न बघितलेलं लिहू? तुम्हाला काढायचंय तर तुम्ही काढा. तुमच्या कारणाने, तुमच्या सहीने.”

शेवटी त्यांनी काढलं, त्यांच्या सहीने. कोर्टात खेचू अशी धमकी दोनदा आली, पण कुणी खेचलं नाही. कोर्टात पहिला प्रश्न ‘पाहुणे’ यादीबद्दल आला असता. फंग जिन्यात भेटला आणि पुटपुटला, “ती यादी पुसायला सांगितली. मीच पुसली.” तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण त्याच्या तोंडाकडे बघून ती नुसती पुढे गेली. तळघरातल्या खोलीत मात्र एक फरक पडल्याचं तिला नंतर कळलं: तक्रारीचा फोन आता अर्धा तास चित्रफीत चालवून तपासतात, आणि ‘वापरण्याची पद्धत तपासावी’ हे वाक्य गेलं.

चार महिने घरी बसल्यावर तिला भात शिजवायच्या कुकरच्या कारखान्यात चाचणीचं काम मिळालं. तिथे चुयुन नावाची बाई तिच्या शेजारी बसायची. वसंतात जुन्या कंपनीचा नवा फोन आला. पडद्यावर अकरा लाख वीस हजार, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘विशेष बटण चालू असताना, प्रयोगशाळेतील तापमानात.’ चुयुनला तो मुलीसाठी घ्यायचा होता.

“आता तर खरं लिहिलंय की,” ती म्हणाली.

“लिहिलंय. वाचता येऊ नये इतकं खरं लिहिलंय,” लानताई म्हणाली. “घे हवा तर. पण दुकानात उभी राहून अर्धा तास चित्रफीत चालव आणि मग हात लावून बघ.”

चुयुन गेली. दहाव्या मिनिटाला दुकानदाराने तिला हाकललं, गर्दी करू नका म्हणाला. हे ऐकल्यावर लानताईच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. पुढच्या रविवारी ती स्वतः चुयुनबरोबर गेली, मांडलेला फोन उचलला, चित्रफीत लावली आणि घड्याळ बघत काउंटरला टेकून उभी राहिली.

दुकानदार तीनदा खाकरला. “बाई, घ्यायचाय का नाही?”

“सांगते ना,” लानताई म्हणाली. “अजून अकरा मिनिटं आहेत.”